वहीतला तीन

चिमणे,

आईचं नवं औषध आणायला हॉस्पिसमध्ये जातोय. शेजारच्या मावशी तिच्यापाशी बसल्या आहेत. तू आलीस की त्यांना सोड.

कॅन्सर हाडांत उतरल्यापासून रोज सकाळी मी आईला विचारायचो, "हाडं किती दुखतात? दहापैकी सांग." ती "तीन" म्हणायची आणि मी, जन्मभर पोरांना शिकवत आलेला माणूस, सवयीनं "शाबास" म्हणायचो. तोच तीन वहीत मांडायचो. वही बघून डॉक्टरांनी तिला साध्या गोळ्यांवरच ठेवलं.

आज मी भांडी घासत होतो, तेव्हा तिला घरी तपासायला आलेल्या हॉस्पिसच्या सिस्टरनी तेच विचारलं. म्हणाली, "नऊ. पण मास्तरांना सांगू नका, त्यांचा चेहरा पडतो." मला सगळं ऐकू आलं.

सिस्टरनी लगेच डॉक्टरांना फोन केला. आता मॉर्फिन आणि सोबत सुजेवरची गोळी द्यायची आहे. ही औषधं तिला महिनाभरापूर्वीच मिळायला हवी होती.

मी येईपर्यंत तिची कूस बदलू नकोस. दुखणं विचारलंस तर ती सांगेल तो आकडा नुसता लिही, शाबास म्हणू नकोस. आणि मी ऐकलं हे तिला कळू देऊ नकोस. ते मीच आल्यावर सांगेन, आधी औषध देऊन.

बाबा