माझा खर्ज आणि उरलेल्या फरश्या

सोमवार, ४ मार्च
आजपासून रोजनिशी. आपण लिहून ठेवलं नाही की मागाहून लोक काहीही सांगत सुटतात.

तर मुद्दा असा. आमचं घरसामानाचं चार मजली दुकान आहे आणि गेली बावीस वर्षं त्या दुकानाचा आवाज मी आहे. जिन्याखालची खोली, एक खुर्ची, एक माइक. पांढरी गाडी गेटासमोरून काढा, हरवलेली छत्री ओळख पटवून घेऊन जा, दुकान पंधरा मिनिटांत बंद होत आहे. सगळं मीच. माझा आवाज खर्जातला. पहिल्या मजल्यावर मांडलेले काचेचे ग्लास थरथरतात. (हे मी स्वतः पाहिलेलं नाही. जिन्याखालून दिसत नाही.)

आज मीटिंगमध्ये नवीन मॅनेजर बाईंनी सांगितलं की एक एप्रिलपासून नवी यंत्रणा येणार. सूचना एकदाच रेकॉर्ड करायच्या आणि बटण दाबून लावायच्या. आवाज स्टाफपैकी किंवा त्यांच्या घरच्यांपैकी, कुणाचाही चालेल. २४ तारखेला दुकानाचा वर्धापनदिन, तेव्हा कराओके ठेवलंय. बाई सगळ्यांना ऐकतील आणि आवाज ठरवतील. माझा आवाज ठरला नाही तर माझी बदली परत आलेल्या मालाच्या काउंटरवर. हे शेवटचं वाक्य बोलताना बाई सारखं हातातल्या कागदाकडे बघत होत्या. म्हणजे नुसती औपचारिकता. माझ्याशिवाय आहे कोण?

संकल्प: एकच गाणं, खर्जातलं. उद्यापर्यंत निवडायचं.

मंगळवार, ५ मार्च, सकाळी ६.१०
झोप नीट नाही. गाणी डोक्यात फिरत होती.

खोल आवाजाच्या पुरुषाने गाणं निवडताना पाळायचे नियम:
नाचतं गाणं घेऊ नये.
शब्द कमी हवेत.
गाण्यातला माणूस चाळिशीच्या पुढचा हवा आणि कुठेतरी निघालेला हवा.

यादी झाली अकरा गाण्यांची. लेकीने वाचली. म्हणाली, बाबा, यात सहा जण मरतात, चार जण सोडून जातात आणि एकाची गाय हरवते. तिला म्हटलं, खर्जात आनंद बसत नाही.

बुधवार, ६ मार्च
कराओकेचं यंत्र आणलं. हॉलमध्ये मांडलं. पट्टी खाली नेण्याचं बटण आहे, ते पार तळाला नेलं. वाद्यं अशी वाजली जसा काही ट्रक घाट चढतोय. दोन घरं वर घेतलं.

नावाड्याचं गाणं गायलो. संथ आहे, शब्द कमी. शेवटी नावाडी काठीने पाण्याचा तळ शोधतो, तिथे सूर पायरी पायरीने खाली उतरतो, अगदी खाली. मी उतरलो. आणि काय सांगू! शेवटच्या पायरीवर माझाच आवाज स्वयंपाकघरातून परत आला. भरलेला, गोल, जाड. अंगावर काटा आला. स्वयंपाकघरात नवीन फरशी बसवल्याचा हा फायदा कुणीच सांगितला नव्हता.

ही तेव्हा आत भांडी घासत होती. बाहेर आल्यावर विचारलं, ऐकलंस का? म्हणाली, हो. एवढंच. हिला गाण्याचा कान नाही. एकोणीस वर्षांत एकदा वाहवा म्हणालेली आठवत नाही.

शुक्रवार, ८ मार्च
नावाडी रद्द. फार लोकांना माहीत आहे. त्याऐवजी स्टेशनमास्तरचं गाणं.

संध्याकाळी: स्टेशनमास्तर रद्द. मध्येच शिट्टी वाजवावी लागते.

प्लंबरचा फोन आला होता, हिने घेतला. त्याने पुन्हा हिला काका म्हटलं. ही हसली आणि काकांच्याच सुरात पत्ता सांगितला. लोकांना फोनवर साधं बोलताही येत नाही.

रविवार, १० मार्च
वरच्या मजल्यावर गाण्याच्या बाई राहतात. त्यांच्याकडे गेलो, म्हटलं तज्ज्ञाचं मत असावं. त्यांनी पेटी काढली, मला सा लावायला सांगितला. बराच वेळ काळ्या पट्ट्या दाबून बघितल्या. शेवटी म्हणाल्या, तुमची पट्टी काळी चार. मी विचारलं, साधारण पुरुषांची किती? म्हणाल्या, काळी एक, फार तर काळी दोन.

चार! सामान्य पुरुषाच्या चौपट!

पुढे बाई म्हणाल्या की वरचा सूर तुमचा गोड लागतो, एखादं हलकं, खेळकर गाणं घ्या, खाली उतरूच नका. मी त्यांचे आभार मानून उठलो. वय झालंय त्यांचं.

बुधवार, १३ मार्च
ही दोन दिवसांसाठी बहिणीकडे गेली आहे. रियाजाला शांतता मिळेल म्हणून खूश होतो.

पण आवाज गेला! नावाडी पुन्हा घेतलाय (स्टेशनमास्तरच्या मानाने बरा). शेवटच्या पायरीवर उतरलो, तर नुसती हवा. स्वयंपाकघर ढिम्म. सहा वेळा प्रयत्न केला. गरम पाणी प्यायलो. मग चहा. मग उभं राहून, मग भिंतीला पाठ लावून, मग चप्पल काढून. शेवटी स्वयंपाकघराच्या दारातच उभा राहून आतल्या फरशीकडे तोंड करून गायलो. काही नाही.

दिवसभर चैन पडलं नाही. दुकानात दोन सूचना उलटसुलट झाल्या. पांढरी छत्री गेटासमोरून काढायला सांगितली.

शुक्रवार, १५ मार्च
ही दुपारी परत आली. आल्या आल्या स्वयंपाकघरात गेली, खिडकी लावली, ओटा आवरायला घेतला. मी नावाडी लावला. शेवटच्या पायरीवर खर्ज हजर!

म्हणजे खिडकीचा प्रश्न होता. दोन दिवस उघडी होती, आवाज बाहेर जात होता. एवढी साधी गोष्ट, आणि मी घशाला दोष देत बसलो.

लेक पोट धरून हसत होती. म्हणाली, बाबा, ती खालची जागा आली की एकदा मागे वळून आत बघा. मी म्हटलं, गायकाने यंत्राकडे पाठ करायची नसते. इतकं साधं तिला कळत नाही, आणि म्हणे कॉलेजला जाते.

मंगळवार, १९ मार्च
आज वायरमन आला. जुनी यंत्रणा काढणार, त्याची मापं घेत होता. जिन्याखाली माझ्या खोलीत शिरला आणि न विचारता माइकवर हॅलो हॅलो म्हणाला. आवाज आला तो हुबेहूब माझा. चक्क नक्कल! मी चांगलाच तापलो.

तो म्हणाला, साहेब, नक्कल कसली, स्पीकरचा पडदा पंधरा वर्षांपूर्वी फाटलाय, वरचे सूर जातातच कुठे त्यातून, कुणीही बोललं तरी जाडच येतं. मग लिफ्टजवळ झोपलेल्या मांजरीला उचलून आणून माइकपुढे धरलं. ती ओरडली. चौथ्या मजल्यावरून कुणीतरी फोन करून विचारलं, काय म्हणालात, परत सांगा.

वायरमन कामाला चांगला आहे. आवाजातलं त्याला काय कळणार? मांजरही जरा घोगरीच होती.

तरीही जेवण गेलं नाही. तीनदा उठून पाणी प्यायलो.

गुरुवार, २१ मार्च
गाणं बदलावं का? गारुड्याचं एक आहे. नको. नावाडीच.

पण वर्धापनदिन दुकानाच्या तिसऱ्या मजल्यावर आहे आणि तिथे गालिचे! गालिचे आवाज पिऊन टाकतात. हा विचार आल्यापासून पाय थाऱ्यावर नाहीत. हॉल ते बाल्कनी, बाल्कनी ते हॉल. ही म्हणाली, बसा जरा, फरशी झिजेल.

फरशी! माळ्यावर बांधकामातल्या चार फरश्या उरल्या आहेत. त्याच, स्वयंपाकघरातल्याच. त्या स्टेजवर माझ्यासमोर उभ्या करायच्या. ही युक्ती आजवर एकाही गायकाला कशी सुचली नाही, याचं नवल वाटतं.

शनिवार, २३ मार्च
फरश्या धुऊन पुसून पिशवीत भरल्या. जड आहेत. ही म्हणाली, तुम्ही दुसरं एखादं गाणं घ्या ना, वरचं. गाण्याच्या बाईंनी सांगितलंय तसं. मी विचारलं, बाईंनी तुला कधी सांगितलं? ती आत निघून गेली.

उद्या मी माइक राखणार. बावीस वर्षं म्हणजे काही गंमत नाही. परत आलेला माल घ्यायला दुसरा कुणीही चालतो.

रविवार, २४ मार्च, संध्याकाळी ७.३०
जसं झालं तसं लिहितो.

माझा नंबर सातवा होता. फरश्या मांडेपर्यंत लोकांनी दोनदा टाळ्या वाजवल्या. मॅनेजर बाई पहिल्या रांगेत वही घेऊन. ही आणि लेक तिसऱ्या रांगेत. नावाडी सुरू झाला. पहिलं कडवं बरं गेलं. दुसऱ्यात पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी चष्मा पुसला, मला वाटलं भरून आलं त्यांना.

मग ती जागा आली. उतरलो. पहिली पायरी, दुसरी, तिसरी. चौथीला घशातून काहीच निघालं नाही. तोंड उघडं, माइक पुढे आणि मी तसाच.

आणि खर्ज आला! भरलेला, गोल, जाड, अगदी तोच. मी मनात म्हटलं, फरश्या लागू पडल्या. मान डोलवली. हातही वर केला.

पण लोक माझ्याकडे बघत नव्हते. सगळ्यांच्या माना मागे वळल्या होत्या. तिसऱ्या रांगेत ही मांडीवर पर्स घेऊन, खाली बघत, अगदी सहज गात होती. सवयीने सुरू झालं असावं. सगळे बघतायत हे लक्षात आल्यावर थांबली. तेव्हा गाणंही थांबलं, कारण मी गातच नव्हतो.

मॅनेजर बाई उठून तिसऱ्या रांगेत गेल्या. वहीतून एक कागद काढून हिच्या हातात दिला. हिने माझ्याकडे बघितलं. मी काय करणार? मान हलवली. हिने वाचलं: पांढरी गाडी कृपया गेटासमोरून काढावी. बिनमाइकचं. तिसरा मजला, गालिचे, सगळं असून शेवटच्या रांगेतला एक माणूस खरोखरच गाडी काढायला उठला.

फरश्या परत पिशवीत भरून आणल्या. एकीचा कोपरा उडाला.

सोमवार, २५ मार्च
विचारलं, कधीपासून? म्हणाली, लग्न झाल्यापासून. तुम्ही आंघोळ करताना गायचात, खालच्या जागेवर आलात की आवाज पडायचा. ऐकवत नसे. म्हणून मी बाहेरून भरायची. तुम्ही खूश होऊन बाहेर यायचात, मग दिवस बरा जायचा.

एकोणीस वर्षं. मला वाटायचं आमच्या बाथरूमलाच काहीतरी गुण आहे.

राग आला होता, तो किती वेळ धरून ठेवायचा ते कळेना. ही म्हणाली की सूचनांच्या कामाला मॅनेजर बाईंना नाही म्हणून सांगते. मी म्हटलं, वेडी आहेस का? हे मी चटकन म्हणालो, याचं अजून मला आश्चर्य वाटतं आहे.

संकल्प: काळी चारबद्दल गाण्याच्या बाईंना परत एकदा नीट विचारायचं.

बुधवार, २७ मार्च
विचारलं. काळी चार बहुतेक बायकांची असते.

सोमवार, १ एप्रिल
परत आलेल्या मालाचा काउंटर. खुर्ची बरी आहे. आज आलेला माल: मोडका टेबललॅम्प, गळकी बादली, एका पायाने आखूड स्टूल. वर छतात नवा स्पीकर आहे, न फाटलेला. दर पंधरा मिनिटांनी ही बोलते. पांढरी गाडी. हरवलेली छत्री. परत करायचा माल तळमजल्यावरच्या काउंटरवर द्यावा. तेव्हा मी उगीचच ताठ बसतो.

स्टूलवाले आजोबा वर बघून म्हणाले, काय आवाज आहे हो! कोण हे गृहस्थ? मी सांगितलं, आमच्याच घरचे आहेत.

घरी आल्यावर हिने विचारलं, तुमच्या काउंटरपर्यंत नीट येतो का आवाज? म्हटलं, स्पष्ट येतो. तिला बरं वाटलं. मलाही वाटलं, पण थोडंसंच.

मग सवयीने यंत्र लावलं. नावाडी. ही आत भांडी घासत होती. मी पायरी पायरीने उतरलो आणि चौथ्या पायरीवर थांबून कान दिला. काही आलं नाही, नुसता नळ. थोड्या वेळाने ही हात पुसत दारात आली आणि म्हणाली, उद्या आणखी बारा सूचना रेकॉर्ड करायच्या आहेत, मॅनेजर बाईंनी घसा जपायला सांगितलाय, घरी गुणगुणायचंसुद्धा नाही.

बरोबर आहे त्यांचं. यंत्र बंद केलं. फरश्या माळ्यावर टाकल्या.