पाच हजार फूट रिकामे

२ नोव्हेंबर

पोहोचले एकदाची. बदलीच्या कागदावर 'प्रशासकीय कारणास्तव' असं लिहिलंय. म्हणजे मीटिंगमध्ये मी हसले ते साहेबांच्या जिव्हारी लागलं. पण झालं ते पथ्यावरच पडलं. खोली वरच्या मजल्यावर, खिडकी ऐसपैस, नळाला पाणी, आणि घरमालक आमच्याच विमानतळाच्या कंट्रोल रूममधले सगळ्यांत जुने. त्यांना सगळे मास्तर म्हणतात, कारण कुणी माइकवर नियमांच्या पुस्तकाबाहेरचा एक शब्द बोललं की ते पेन्सिलीने टेबल ठोकतात. त्यांच्या बायकोने, काकूंनी, आल्याआल्या चहा दिला आणि नवरा कुठे असतो म्हणून विचारलं. दुसऱ्या शहरात, दुसऱ्या बायकोबरोबर, मजेत, असं सांगितलं. काकू पदर तोंडाला लावून हसल्या. आमचं जमणार.

काम तेच. ढगात शिरलेल्या पायलटला स्वतःच्या पंखाचं टोकसुद्धा दिसत नाही. तो समोरच्या काट्यांवर आणि आमच्या शब्दांवर उडतो. आम्ही आंधळ्याची काठी, फक्त या काठीला पगार असतो. आम्ही सांगितलेलं त्याने जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं, म्हणजे चूक तिथल्या तिथे कळते. ही शिस्त घरात असती तर माझा संसार टिकला असता.

६ नोव्हेंबर

धावपट्टी मोकळी नसली की येणाऱ्या विमानांना डोंगराच्या अलीकडे घिरट्या घालत ठेवतात. त्याला होल्ड म्हणायचं. एकाच्या डोक्यावर दुसरं, मध्ये हजार फूट, चाळीच्या मजल्यांसारखं. इथली चाळ मात्र विचित्र आहे. पहिला मजला चार हजार फुटांवर आणि त्याच्यावर एकदम सहा. पाच हजार कुणालाच देत नाहीत. वर जागा नाही म्हणून विमानं दुसऱ्या गावाला पाठवतील, पण पाच हजार देणार नाहीत.

मास्तरांना विचारलं. मान वर न करता म्हणाले की तिथे आहे कुणीतरी. मला वाटलं म्हाताऱ्याने विनोद केला, म्हणून मी मनापासून हसले. दुसरं कुणी हसलं नाही. पुढच्या बदलीची सोय झाली बहुतेक.

११ नोव्हेंबर

काकूंनी आपण होऊन सांगितलं, जिन्यात बसून, कपड्यांच्या घड्या घालता घालता.

त्यांचा मुलगा पायलट होता. एकुलता एक. त्या दिवशी दाट धुकं होतं आणि आधीचं विमान धावपट्टीवर अडकून पडलं होतं. माइकवर मास्तरच होते. त्यांनी मुलाला पाच हजारावर होल्डमध्ये ठेवलं. आता, होल्ड देताना वेळ द्यावीच लागते: अमुक वाजेपर्यंत थांब. मग रेडिओ बंद पडला तरी अडत नाही. ती वेळ झाली की पायलट आपणहून खाली उतरतो आणि आम्ही त्याची वाट मोकळी ठेवतो. हा नियम नव्यांना मास्तरच घोकून घेतात. मुलाने रीतसर विचारलं, किती वाजेपर्यंत? आणि जन्मात एकदा मास्तर पुस्तक विसरले. घरी सांगावं तसं म्हणाले, थांब, सांगतो.

रेडिओ गेला तो तेव्हाच. सांगायचं राहून गेलं आणि विमान उतरलंच नाही. डोंगर पालथा घातला, साधा खिळा मिळाला नाही.

काकू म्हणाल्या, लहानपणापासून तसाच गं तो. एकदा बाजारात एका दुकानापाशी उभा राहा म्हटलं, आणि यांना वाटलं तो माझ्याजवळ, मला वाटलं यांच्याजवळ. दिवेलागणीला परत गेलो तर तिथेच. रडला नव्हता की हलला नव्हता.

एरवी माझी जीभ कात्रीसारखी चालते. आज घड्या घालू लागले, तेवढंच.

१९ नोव्हेंबर

सकाळपासून धुकं, चाळ भरलेली. मास्तर जेवायला गेले होते. एक मालवाहू विमान आलं, बोलका पायलट. चार, सहा, सात भरलेले. आठ रिकामं होतं, तरी मी त्याला पाच दिलं. नियमाला धरून होतं. लोकांच्या दुःखाचा मान ठेवावा, पण आकाश किती दिवस अडवायचं?

दोन घिरट्या झाल्यावर त्याने विचारलं, बाई, एकच खोली दोघांना भाड्याने दिलीत का? पुढे दिवा दिसतोय म्हणे. मी वळलो की तोही वळतो. मग त्याची चेष्टा बंद झाली. मला बाहेर काढा, एवढंच म्हणत राहिला. मी त्याला बाजूला काढून आठ हजारावर नेलं.

रडारवर तो सरकला आणि त्याच्या जागी एक ठिपका राहिला. नंबर नाही, नाव नाही. शिस्तीत फिरत होता.

मास्तर केव्हाचे मागे उभे. आता खरडपट्टी निघणार म्हणून मी खांदे आवळले. त्यांनी हळूच विचारलं, नीट वळत होता ना?

हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

२४ नोव्हेंबर

दुपार. फ्रिक्वेन्सीवर कुणी नाही. धुकं.

पायलटचा आवाज येत नसेल तर एक पद्धत आहे. त्याला सांगायचं, ऐकू येत असेल तर माइकचं बटण दोनदा दाब. खट्‌ खट्‌ ऐकू येतं. मी पाच हजाराला तसं सांगितलं. का सांगितलं — गंमत म्हणून, असं लिहिणार होते. गंमत म्हणून नाही.

खट्‌. खट्‌.

विचारलं, अजून थांबलायस?

खट्‌ खट्‌. लगेच. वाटच बघत असल्यासारखं.

हेडफोन काढून ठेवले. कान अजून गार आहेत.

२६ नोव्हेंबर

काकूंना सांगून बसले. सांगायला नको होतं. त्या रडल्या नाहीत. उतरव त्याला, म्हणाल्या. तू परकी आहेस, तुला जमेल.

मास्तर दारातून ऐकत होते. नाही म्हणाले. वर आहे तोवर आहे. खाली आला की मला बघावं लागेल काय आलंय ते.

काकू म्हणाल्या, दमला असेल हो तो.

तीस तारखेला मास्तर निवृत्त होतायत. एक तारखेपासून पाच हजार सगळ्यांना द्यायचं, वरून हुकूम आलाय. म्हणजे माणसांनी भरलेलं विमान तिथे — आणि तो बाजूला होणार नाही. बापाने थांब म्हटलंय.

३० नोव्हेंबर

धुकं. निरोपाचं भाषण झालं. मास्तर उठून गेले.

काकू माझ्या खुर्चीमागे. आत यायचा पास मीच काढून दिला.

पाच हजाराला वेळ दिली. उतरायची परवानगी दिली. अक्षर न अक्षर पुस्तकातलं.

खट्‌ खट्‌.

ठिपका या वेळी वळला नाही. सरळ — येतोय.

एका हातात माइक, एका हाताने लिहितेय. लिहिलं नाही तर ओरडेन.

पाच मैल. इंजिन ऐकू यायला हवं. काहीच नाही —

काचेबाहेर धुकं जरा फाटलं. धावपट्टीवर कुणीतरी आहे. मधोमध. मास्तर.

माणूस आडवा आला की एकच वाक्य, पुन्हा वर जा. म्हटलं तर जाईल तो. लगेच जाईल. पुन्हा पाच हजारावर. आणि उद्या —

दोन मैल.

काकूंना दाखवलं. त्यांनी काच पुसून पाहिलं. त्यांचा हात माझ्या हातावर, बटणावर — दाबतायत की अडवतायत —

म्हणाल्या, कुठे उभे आहेत ते त्यांना ठाऊक आहे.

दिवा दिसतोय. एक मैलही नाही. मास्तर चालायला लागलेत. दिव्याकडे. भरभर, तरण्या माणसासारखे —

काकूंनी हात काढून घेतला. आता माझा एकटीचाच —

मी बट