ओव्हलचा सामना आणि सुलूचं स्थळ

भाईंदर, २६ ऑगस्ट १९७१

तीर्थस्वरूप धाकूदादांच्या पायांशी धाकट्या लवूचा दंडवत. वहिनींच्या गुडघ्यांना उतार पडला असेल. तुमची सुलू इथे मजेत आहे. तिचं जमल्याची कुणकुण तुम्हाला लागलीच असेल, तेव्हा खरं काय घडलं ते माझ्याकडूनच ऐका.

चतुर्थीला संध्याकाळी वरसाव्याचे नाथाराव मुलाला घेऊन आरतीला आले. (आरतीचं निमित्त, आले होते सुलूला बघायला.) नेमका तेव्हाच तिकडे लंडनला ओव्हलवर आपला सामना ऐन रंगात. शेजारच्या अल्फान्सोनं ट्रान्झिस्टर आणला, पण देवापुढे रेडिओ लावला तर नाथाराव काय म्हणतील, म्हणून हिनं सुलूला रेडिओसकट स्वयंपाकघरात बसवलं. आपले पाच गडी बाद झाले आणि मी घाबरून आरतीला सुरुवात केली. काय सांगू दादा, गडी पडायचेच थांबले.

मग आरती थांबवायची कुणाची छाती? एक संपत आली की सुलू दारातून हात हलवायची, मी पुढची धरायचो. गणपती झाला, शंकर झाला, देवी झाली. (मध्ये तिकडे खेळाडू जेवायला गेले, आम्ही मात्र उभेच.) येत होत्या तेवढ्या सरल्यावर अल्फान्सोनं त्याच्या चर्चमधलं एक गाणं टाळ्यांच्या ठेक्यात म्हणून घेतलं. नाथाराव ताम्हण या हातातून त्या हातात घेत होते, मोदक गार पडत होते. जिंकायला तीन धावा हव्या असताना मला ठसका लागला आणि सहावा गडी गेला. माझ्यापायी देश हरतोय या विचारानं मला रडूच आलं.

नाथाराव कडाडले, "थांबताय काय? म्हणा." मी म्हटलं, आणि आतून चौकाराची आरोळी आली.

त्यांनी ताम्हण ठेवून सुलूला बोलावलं आणि कोण कसा बाद झाला ते विचारलं. (तेही कान देऊनच उभे होते म्हणे.) तिनं सगळं घडाघडा सांगितलं. "पोरगी पसंत आहे," म्हणाले, आणि मोदकांवर आडवा हात मारला.

तेव्हा काळजी नसावी.

आपला,
लवू

ता. क. मुलगा दिसायला बरा आहे. नोकरी पक्की, पानसुद्धा खात नाही.

ता. क. आणखी एक. सुलूचा नकार आहे. मोदक वाढताना मुलानं तिला हळूच विचारलं, "कुठला सामना चाललाय?" ती म्हणते, इतका वेळ टाळ्या वाजवून ज्याला एवढंही कळलं नाही, त्याच्याबरोबर जन्म कसा काढू? मला तिचं पटलंय. फक्त नकार तुम्ही कळवा. मला कामाला रोज वरसाव्यावरूनच जावं लागतं, आणि काल नाथारावांनी रस्त्यात गाठून मला 'व्याही' म्हटलं. मी त्यांचा चहाही प्यालो.