पुलावर अडकलेल्या पोलादरावांना मृत मानणेबाबत

प्रति,
मा. कार्यालय अधीक्षक साहेब,
जलमापक तपासणी कार्यालय,
पहिला मजला, जिन्यालगतची खोली.

(योग्य मार्गाने, लेखापाल बाईंमार्फत)

विषय : श्री. पोलादराव, योद्धा, यांचा मृत्यू मान्य करून पूल रहदारीस मोकळा करून मिळणेबाबत.

संदर्भ : १) पुलावरील दुर्घटना.
२) त्यानंतरच्या सोमवारचा आपला शेरा : 'फासा वादग्रस्त. तपासणी होईपर्यंत मागील सरासरीप्रमाणे जिवंत धरावे.'

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, सदर अर्जदार हा आपल्या कार्यालयात आवक-जावक लिपिक असून, दर शनिवारी दुपारी स्वतःच्या घरी, जेवणाच्या टेबलावर, एका काल्पनिक साहसाच्या खेळाचा सूत्रधार म्हणून काम पाहतो. कार्यालयात अर्जदाराचे कोणी ऐकत नाही. टेबलावर मात्र तो म्हणेल तिथे दरी असते आणि तो म्हणेल तेव्हा वादळ येते. या एका कारणास्तव अर्जदार आठवडा काढतो.

१. हा कागद पुढेमागे आपल्या जागी येणाऱ्या अधिकाऱ्यांच्या हाती पडल्यास त्यांचा भलताच समज होऊ नये, म्हणून खेळाची थोडी माहिती देणे भाग आहे. या खेळात पट नाही, सोंगट्या नाहीत, आणि कोणी जिंकत वा हरतही नाही. प्रत्येकाने एक पात्र घ्यायचे व त्याच्या तोंडून बोलायचे. समोर काय वाढून ठेवले आहे ते सूत्रधाराने सांगायचे. आणि केलेला उद्योग जमला की फसला, हे वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचे. वीस पडले तर काम फत्ते, एक पडला तर सगळे मुसळ केरात. लेखापाल बाई यात चोर आहेत. कार्यालयाच्या गाडीचे चालक जादूगार आहेत. आपण योद्धा. नाव आपण नुसते 'पोलाद' ठेवले होते, 'राव' आम्ही लावले. हाताखालच्या माणसांना साहेबांच्या पात्राला अरेतुरे करवेना. पुढे पुढे राक्षसही त्यांना 'अहो' म्हणू लागले. एका वेताळाने 'आधी बसून घ्या, मग लढू' असे म्हटले तेव्हा चालक उघड हसले होते, हे आपल्या स्मरणात असेलच.

२. दुर्घटनेच्या शनिवारी आपण सारे दोरांच्या पुलाशी पोचलो होतो. पलीकडे शहर. पूल एका वेळी एक माणूस जाईल एवढा अरुंद. बाकीच्यांचा विचार चटकन पार होण्याचा होता. आपण मात्र पुलाची पाहणी सुरू केली, गाठी ओढून पाहिल्या, फळ्यांवर टिचक्या मारल्या. मध्यावर पोचता पोचता खालून राक्षस वर आला आणि वाट अडवून उभा राहिला. चालकांनी आगीचा गोळा फेकण्याची तयारी दाखवली. बाई मागच्या मागे सटकण्याच्या बेतात होत्या. आपण दोघांनाही हात करून थांबवले आणि राक्षसाला विचारले, 'पूल अडवायचा लेखी आदेश आहे का तुमच्याकडे?'

राक्षस निरुत्तर झाला. खरे सांगायचे तर सूत्रधारच निरुत्तर झाला. असा प्रश्न कोणत्याही नियमपुस्तकात नाही. तेव्हा राक्षस दबतो की चिडतो हे फाशावर सोडण्यात आले. आपण आपला तो लाल फासा, ज्याला दुसऱ्या कोणी हात लावायचा नसतो, ओंजळीत खुळखुळवून टाकला. तो बिस्किटांच्या ताटलीला आपटून थांबला. एक. राक्षस चिडला, त्याने पोलादरावांना उचलले. जीव वाचवण्यासाठी आपण पुन्हा फासा टाकला. पुन्हा एक. बाईंनी चष्मा लावून खात्री केली. राक्षसाने पोलादरावांना पुलावर आपटले आणि ते जागीच गतप्राण झाले.

आपण उठलात. खुर्ची नीट आत सरकवली, पेन्सिल खिशाला लावली आणि निघालात.

३. सोमवारी अर्जदाराच्या हातून एक आगळीक झाली. त्याने सवयीने टिपण लिहिले, 'पोलादराव मृत. माहितीस्तव व आदेशार्थ सादर,' आणि ते आपल्यापुढे ठेवले. जेवणाच्या टेबलावर झालेल्या मरणाला सहीची गरज नव्हती. पण या कार्यालयात सहीशिवाय पंख्याचे बटणही कधी बदललेले नाही, तेव्हा हात आपोआप चालला. त्यावर संदर्भ क्र. २ चा शेरा आला. नियम आपल्या कार्यालयाचाच आहे. ग्राहकाने मीटरबद्दल तक्रार केली की मीटर काढून तपासायचा, आणि निकाल लागेपर्यंत मागील सरासरीने पाणी आकारायचे. पाण्याला हा नियम शोभतो. माणूस सरासरीने जिवंत राहत नाही, असे अर्जदाराचे नम्र मत आहे. तरीही लाल फासा त्याच दिवशी पिशवीत घालून, शिशाचे सील ठोकून तपासणीच्या बाकावर रवाना झाला.

४. तेव्हापासून आपण दर शनिवारी वेळेवर येता, चहा घेता आणि पुलावर पडून राहता. पोलादराव उठत नाहीत, बोलत नाहीत आणि मरतही नाहीत. त्यांना ओलांडून जाण्याची कोणाची प्राज्ञा नाही, कारण ते साहेब आहेत. राक्षसाने एकदा 'मी निघू का?' असे अदबीने विचारले असता, चौकशी पूर्ण होईपर्यंत जागा सोडू नये असे आपण त्यास बजावले. तो आता दोराला टेकून बसलेला असतो. अलीकडच्या काठावर चोरण्यासारखे जे होते ते सारे लेखापाल बाईंनी चोरून झाले आहे, आणि आता त्या जादूगाराचे जोडे चोरून ते त्यालाच परत विकतात. जादूगार उजेडाचा मंत्र धरून उभा आहे. त्याचा हात भरून आला आहे. चालकांनी गेल्या शनिवारी जाहीर केले की, 'पुढच्या खेपेलाही पुलावरच असलो तर मी आपला मेव्हण्याकडे पत्ते खेळायला जातो. तिथे निदान पान टाकलं की टाकलं.'

चालक गेले तर बाई एकट्या येणार नाहीत, आणि खेळ मोडेल. पुलापलीकडचे शहर अर्जदाराने फार प्रेमाने रचले आहे. तिथे उलट चालणारी घड्याळे दुरुस्त करणारा एक म्हातारा आहे, राणीशी भांडलेली तिची धाकटी बहीण आहे, वेशीवर तिरसट पहारेकरी आहे. हे सारे लोक वेशीकडे डोळे लावून बसले आहेत आणि कोणी येत नाही. अर्जदाराला याचे मनापासून वाईट वाटते. अर्जदाराची आई आतल्या खोलीत दार उघडे ठेवून विणत बसलेली असते, आणि विणता विणता तिला खेळातले अक्षर न् अक्षर कळते. तिनेही म्हणून झाले, 'त्या बिचाऱ्याला एकदाचं मरू तरी द्या रे. पाठ लागली असेल फळ्यांना.'

५. आता तपासणीबाबत. मीटर तपासनिसांनी फाशाचा अहवाल दिला असून तो सोबत जोडला आहे. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फाशाचा एक कोपरा झिजला असून तो मोठ्या आकड्यांकडे कलतो, म्हणजे आजवर तो आपल्याच बाजूने पडत आला आहे. अशा फाशानेही लागोपाठ दोनदा एक दाखवला, तर तो एक मान्य करण्यावाचून गत्यंतर नाही. पण गोष्ट इथेच थांबत नाही. मीटर ग्राहकाच्या फायद्याचा निघाल्यास मागचा फरक वसूल करावा लागतो, हा नियमही आपल्याच कार्यालयाचा. लेखापाल बाईंनी उत्साहाने फरक काढला. त्यानुसार पोलादराव पूर्वीच्या एका शनिवारी, वटवाघळांच्या गुहेतच वारलेले निघतात. त्याच गुहेतून त्यांनी बाई व चालक या दोघांना ओढून बाहेर काढले होते. ते आधीच वारले असतील, तर हे दोघेही पूर्वलक्षी प्रभावाने मृत ठरतात. मग पुलावर राहिला कोण, तर एकटा राक्षस. आणि अडवायला कोणी नसताना तो तरी वर का आला? हे ऐकून चालक म्हणाले, 'म्हणजे मी एवढे दिवस मेलेला असून दिवा धरून उभा आहे?' सबब सदर अहवाल दाखल करून घ्यावा, परंतु त्याची अंमलबजावणी कृपया करू नये.

६. आपण या महिनाअखेर सेवानिवृत्त होत आहात. नव्या अधिकाऱ्यांकडे सोपवायच्या प्रलंबित बाबींमध्ये, गळक्या टाकीच्या खालोखाल, 'पोलादराव' असे आपल्या हस्ताक्षरात लिहिलेले अर्जदाराने पाहिले. हे घोंगडे आपल्यामागे भिजत राहिले, तर पोलादराव पुढच्या कित्येक अधिकाऱ्यांच्या कारकिर्दीत पुलावर पडून राहतील. या चिंतेपोटी अर्जदाराने काल हा अर्ज लिहायला घेतला. पहिला मसुदा बराच कडक होता. त्यात 'हट्ट' हा शब्द होता, आणि 'साहेबांना हार मानणे माहीत नाही' असे एक वाक्यही होते.

७. तो मसुदा अर्जदाराने आईला वाचून दाखवला. वाचता वाचता 'हट्ट' आला तशा तिने सुया खाली ठेवल्या आणि सांगितले ते असे. दुर्घटनेच्या शनिवारी आपण दारात बूट घालत होता. तेव्हा आपण तिला विचारले, 'काय हो आई, मेलेल्या माणसाला शनिवारी यायची परवानगी असते का?' तिला वाटले साहेब थट्टा करताहेत. ती हसली आणि तिने दार लावून घेतले. 'हसायला नको होतं मी,' ती काल म्हणाली. 'पण तूही त्यांना मेल्यावर काय करायचं ते सांगितलं नाहीस. तुला ठाऊक होतं. त्यांना कसं ठाऊक असणार? ते आधी कधी मेले होते का?'

महोदय, अर्जदाराने मसुदा फाडला. महिनाअखेरीस आपली खोली जाणार, खुर्ची जाणार, टेबलावरची ती घंटा जाणार, आणि नेमके त्याच सुमारास शनिवारही गेला असे आपणांस वाटले. अर्जदाराच्या हे ध्यानात यायला हवे होते. त्याला वाईट वाटले. थोडा रागही आला, तोही नमूद करणे प्रामाणिकपणाचे होईल. सरळ विचारले असते तर एका वाक्याचे काम होते. त्यासाठी साऱ्या जगाला पुलावर ताटकळत ठेवण्याची गरज नव्हती.

८. तरी या खेळाचा जो नियम सांगायचा राहून गेला, तो असा की, पात्र मेले म्हणून खेळणारा टेबलावरून उठत नाही. तो चहा संपवतो, कोरा कागद घेतो आणि नवे पात्र तयार करतो. त्या पात्रास पोलादरावांची ज्येष्ठता लागू होणार नाही. त्याला सुरुवात पहिल्या पायरीपासून करावी लागेल. तलवार बोथट मिळेल, घोडा मिळणार नाही, आणि पुलाची पाहणी करायची झाल्यास ती पूल ओलांडल्यावर करावी लागेल. राक्षस मृतदेह एका बाजूने उचलायला तयार आहे. त्यालाही घरी जायचे आहे.

सबब नम्र विनंती की, पोलादरावांना येत्या शनिवारी सर्वांदेखत मरण्याची मुभा द्यावी, आणि त्यानंतर आपण नेहमीच्याच खुर्चीत, खिडकीकडे पाठ करून, बसावे. ती खुर्ची कोणत्याही पदाला जोडलेली नाही. आपण दारात जो प्रश्न विचारला होता, त्याचे उत्तर द्यायला उशीर झाला, याबद्दल अर्जदार दिलगीर आहे. मेलेल्या माणसाला शनिवारी यायची परवानगी असते. निवृत्त माणसालाही असते.

सोमवार ते शुक्रवार आपला आज्ञाधारक,
आणि शनिवारी आपल्याच टेबलावरचा,

(सही)
आवक-जावक लिपिक तथा सूत्रधार
दिनांक : शुक्रवार, महिनाअखेरच्या आदल्या आठवड्यातला

लेखापाल बाईंचा शेरा : शिफारस करते. साहेब, या. जोडे तेवढे सांभाळा.

सोबत :
१) लाल फासा, सीलबंद. सील आपणच तोडावे.
२) तपासणी अहवाल, दाखल करून विसरण्यासाठी.
३) नव्या पात्राचा कोरा कागद. नाव आपण लिहावे. 'राव' कोणी लावणार नाही.