एका पायाचा बिबट्या

बाबा, तुझी जीप शेवटी गेली. तू गेल्यापासून ती गोठ्यामागे उभी होती. मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या आणि त्यांना हाकलताना आई तुलाच चार शिव्या हासडायची. भंगारवाला येणार म्हणून मी मुरबाडहून शाळेची रजा टाकून आले. त्यानं ड्रायव्हरच्या सीटखालची पत्र्याची पेटी उचकटली. आत पाने, जॅकचा दांडा आणि तुझ्या जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी जड. सोडून बघितलं तर प्लास्टरचा पंजा, बिबट्याचा. भंगारवाला हात मागे घेत म्हणाला, "ताई, देवाचा हाय का काय?" मी म्हटलं, नाही, आमच्या वडिलांचा.

सकाळची शाळा सुरू झाली की पुढच्या रविवारी आपली सहल असायची, आठवतं? वर्षभर तू शहापूर-मुरबाड सीटा कोंबून न्यायचास, पण त्या दिवशी पुढची अख्खी सीट माझी. अभयारण्यातून, पानगळ झालेल्या सागांमधून, वज्रेश्वरीच्या गरम कुंडांपर्यंत. वाटेत भाकरी आणि बोंबलाची चटणी. तू इंजिन बंद करून बोट दाखवायचास आणि खरंच तिथे भेकर उभं असायचं, कान टवकारून. भेकर तरी खरं होतं. टायरवाल्याच्या कॅलेंडरवर तू परदेशातलं जंगल बघितलं होतंस, जिथे गरम पाणी माडाएवढं उंच उडतं. आपल्या कुंडात नुसते बुडबुडे. "आपलंबी उडंल. लाजतंय जरा," असं तू म्हणायचास आणि मी कडेला पाय सोडून वाट बघत बसायची.

"बाबा, उडत का नाय?"

"आज रविवार ना गो. सुट्टी हाय त्याला."

या थापेबद्दल माझी काही तक्रार नाही. ही आठवली की अजून हसू येतं, आणि हसू आलं की तुझा जास्तच राग येतो.

मी पाचवीत होते त्या वर्षी तू वाटेतल्या ओहळाजवळ जीप थांबवलीस. आदल्या मे महिन्यात ठशांत प्लास्टर ओतून जनावरं मोजणाऱ्या साहेबांना घेऊन तू आठवडाभर रानात फिरला होतास, म्हणून मला तू मोठा जाणकार वाटायचास. कोरड्या ओहळाच्या काठानं मोहाची झाडं होती. त्यांच्या खालच्या धुळीत बिबट्याच्या पंजाचा एक ठसा होता. "काल रातीच गेलाय. कड अजून ढासलली नाय बग." माझ्या अंगावर काटा आला. मग तू म्हणालास, "उद्या शाळेत सांग. वाडीवरच्या पोरींना पयलं सांग. अंधाराच्या मोहाला जातात त्या, जीव जाईल कुनाचा." मला केवढा अभिमान वाटला तुझा! लोकांच्या लेकीबाळींची काळजी करणारा बाप.

वाडीवरची एक पोरगी माझ्याच बाकावर बसायची, माझी सगळ्यात जवळची मैत्रीण. पहाटे उजाडायच्या आधी ती आणि तिची आई त्याच ओहळात विकायला मोहाची फुलं वेचायच्या. मी तिला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिची आई आपल्या अंगणात येऊन उभी राहिली. जन्म रानात गेलेली बाई ती.

"येकच पाय? बाकीचं कुटं गेलं त्याचं?"

तू विडी पेटवलीस. "बाकीचं दगडावर पडलं. आनि माजं ऱ्हाऊ दे, लेकरू खोटं बोलंल का?"

तिनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मी बघितलाय, माझ्या डोळ्यांनी. तिनं पदर खोचला आणि गेली.

त्या उन्हाळ्यात त्या ओहळात कुणी फिरकलं नाही. मोह गळून गळून तिथेच वाळला. पहाटे तुझी जीप परत यायची तेव्हा आई तिच्यातला भुसा झाडायची, ताज्या कापलेल्या सागाचा. मी विचारलं तर तू म्हणालास, गिऱ्हाइकाचं सामान होतं. पुढे कधीतरी मी त्या बाजूला गेले, तर नुसती खोडं. बाबा, चोरी तर चोरी, तिला राखणदार म्हणून तू मला उभं केलंस! आणि वर माझ्यासाठी सागाचं टेबल करून आणलंस. गावात तसं टेबल कुणाच्या पोरीला नव्हतं. त्यावर अभ्यास करून मी मास्तरीण झाले.

मैत्रिणीच्या घरचा दोन वर्षं मोह बुडाला. दुसऱ्या वर्षी दिवाळी झाल्यावर ती सगळी वाशिंदकडे वीटभट्टीवर गेली. बाकावरची तिची जागा तशीच राहिली. मोठेपणी ती मला म्हसा गावच्या जत्रेत भेटली, कडेवर पोर, हाताला विटांचे घट्टे. पोराला म्हणाली, "ही बग, हिनं वाग बघितलेला." किती कौतुकानं म्हणाली! मी पोराच्या हातावर जिलबी ठेवली आणि चालू पडले.

आता एक राहिलंय. दुसऱ्या वर्षी तू पुन्हा ठसा दाखवलास, तेव्हा त्याचं एक बोट आखूड होतं. "लंगडा झालाय. फासकीत गावला असंल कुटं." तू जीपकडे वळलास आणि मला धुळीत एक पांढरा कपचा दिसला. मी तो फ्रॉकच्या खिशात टाकला. घरी येऊन कंपासपेटीत ठेवला आणि मनाला सांगितलं, खडू आहे. मी सहावीत होते, बाबा. बिबट्याच्या पायातून खडू सांडत नाही एवढं मला कळत होतं. पण तुला विचारलं असतं तर पुढच्या वर्षी पुढची सीट मिळाली नसती. सोमवारी मैत्रिणीनं विचारलं, "हाय का गो अजून तो?" मी म्हटलं, हाय. तेव्हा ती अजून शाळेत होती.

कंपासपेटी टेबलाच्या खणातच होती. काल कपचा काढून पंजाच्या तुटक्या बोटाला लावून बघितला. बरोबर बसला.

हे सगळं तिला सांगायला हवं. तुला लिहिणं सोपं आहे, तू उलटून काही विचारत नाहीस. जत्रेत पुन्हा भेटली की सांगायचं, असं मी केव्हापासून ठरवलं होतं. यंदा मी जत्रेला गेले नाही.