सोळावा जोड

३ फेब्रुवारी, बुधवार

आजपासून पुन्हा रोजनिशी. रिटायर झाल्यापासून हाताचं वळण गेलं. रोज दहा ओळी, शाईच्या पेनाने. खाडाखोड चालणार नाही.

सकाळच्या पेपरात नगरपालिकेची सूचना होती. राहत्या घरात धार्मिक कारणासाठी पंधरापेक्षा जास्त माणसं नियमित जमत असतील तर परवाना घ्यावा. लोक वाचून पान उलटतात. मी कात्रण काढलं. परवाना विभागात एकतीस वर्षं घासली, त्यातली शेवटची अकरा हेडक्लार्क म्हणून.

आमच्याकडे दर बुधवारी हिची प्रार्थना असते. सहा वर्षं झाली. मी आत बसत नाही. दाराबाहेर स्टूल टाकून पेपर वाचतो. कुणीतरी बाहेर लक्ष ठेवायला हवंच. आज मुद्दाम चपला मोजल्या. सोळा जोड.

रात्रीच्या जेवणाला हिला म्हटलं, तुम्ही सोळा जण असता. ही म्हणाली, मला धरून पंधरा. मी म्हटलं, माणसं मोजताना चूक होते, चपला मोजताना होत नाही. ही ताटं उचलून आत गेली. म्हणजे पटलं.

४ फेब्रुवारी, सकाळी ११

अर्ज करायचं ठरवलं. तक्रार कुणाचीच नाही, पण उद्या कुणी बोट दाखवायला नको. हिला सुखाने प्रार्थना करता यावी एवढाच हेतू.

दुपारी ३. ऑफिसात गेलो. खिडकीवर आता जी बाई आहे ती माझ्याच हाताखाली तयार झाली. ती म्हणाली, सर, पंधरा असतील तर काहीच लागत नाही, घरी जाऊन चहा घ्या. मी म्हटलं, सोळा आहेत. ती म्हणाली, मग नावं द्या. फॉर्म नऊ पानांचा आहे. आमच्या वेळी चार पानांचा होता. तरी कागद चांगला वापरलाय.

५ फेब्रुवारी

यादी केली. ही, मागच्या गल्लीतल्या शिंपीणबाई, ड्रिलमास्तर, नर्सबाई, बेकरीवाल्या दोघी बहिणी वगैरे. पंधरा नावं झाली. पुन्हा लिहिली. पुन्हा पंधराच.

एक तपकिरी बुटांचा जोड आहे. सगळ्यांच्या आधी दाराशी असतो आणि सगळे गेल्यावरही असतो. त्याचा मालक कोण, हा अर्जदाराचा प्रश्न नाही. सोळावा रकाना कोरा ठेवून अर्ज दिला.

१० फेब्रुवारी, बुधवार

नियम सात : अर्जाचा निकाल लागेपर्यंत कार्यक्रम स्थगित ठेवावा. कुणी न सांगता आपण होऊन दारातच वाचून दाखवला. ड्रिलमास्तरांनी विचारलं, अर्ज केला कुणी? मी म्हटलं, मी. त्यांनी काढलेली चप्पल परत घातली. नर्सबाई ड्यूटी बदलून आल्या होत्या. शिंपीणबाई हिला म्हणाल्या, मग आता आपण कुठे बसायचं? हिने वाकून तपकिरी बूट उचलले आणि आत घेऊन गेली.

दोन-तीन आठवड्यांचा प्रश्न आहे. नंतर हीच मंडळी आभार मानतील.

१३ फेब्रुवारी

शेजाऱ्याचं संमतिपत्र हवं. शेजारी दातांचे डॉक्टर. मनुष्य सरळ आहे. त्यांची आई बुधवारी गॅलरीत खुर्ची टाकून आमच्याकडची प्रार्थना ऐकते. संमती म्हणजे पाच मिनिटांचं काम.

डॉक्टर म्हणाले, कसली प्रार्थना? बघतो.

१७ फेब्रुवारी

डॉक्टरांनी बघितलं. दोन पानी हरकत दिली. पार्किंग, आवाज, गटाराचा ताण, आणि ‘भविष्यात संख्या वाढण्याची शक्यता’. सहा वर्षं या माणसाला पत्ताही नव्हता. त्यांच्या आईने मात्र फाटकाशी गाठून विचारलं, बुधवार का हो बंद केलात? म्हटलं, कायमचा सुरू राहावा म्हणून.

हरकतीचा मसुदा चांगला आहे. फक्त जावक क्रमांक नाही.

१९ फेब्रुवारी

घर शांत आहे. ही कामापुरतं बोलते. पूर्वी मंगळवारपासून गुणगुणायची, ते थांबलं. मला शांतता आवडते असं मी नेहमीच म्हणत आलोय.

काल भाजीत मीठ नव्हतं. सांगितलं नाही. घरात वातावरण राखणं हे कर्त्या माणसाचं काम.

२४ फेब्रुवारी, बुधवार

इन्स्पेक्टर येऊन गेला. टेप लावून हॉल मोजला. आग विझवायचा लाल सिलिंडर हवा, बाहेर जाण्याचा बाण हवा, तोही अंधारात चमकणारा. आमच्या हॉलला एकच दार आहे आणि ते सगळ्यांना दिसतं. तरी मुद्दा योग्य.

मग तो मागच्या अंगणात गेला. शेडच्या दारावरचं सील बघून म्हणाला, हे तर आपलंच. कुणाच्या तक्रारीवरून लावलं? मी म्हटलं, जुनी गोष्ट आहे. ही स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती. म्हणाली, यांच्याच.

आता ओघाने लिहितो. शेडमध्ये मुलगा स्कूटर दुरुस्त करायचा. परवाना नव्हता. मी त्याला तीन वेळा तोंडी समज दिली. हेडक्लार्कच्या घरामागे विनापरवाना गॅरेज म्हणजे ऑफिसात तोंड दाखवायला जागा नाही. चौथ्या वेळी लेखी. त्याला वाटलं मी नुसता दम देतोय. सील लावायला माणसं आली तेव्हा तो शेडमध्येच होता. ग्रीसच्या हातांनी, स्लिपर घालून, तसाच फाटकाबाहेर पडला. नियमाची सुरुवात घरापासून व्हायला हवी, असं तेव्हा साहेब सगळ्यांसमोर माझ्याबद्दल म्हणाले होते.

वर्षातून एकदा हिला फोन येतो. मी उचलला तर तो बंद होतो. लाइनमध्ये दोष असावा.

३ मार्च, बुधवार

ही संध्याकाळी शिंपीणबाईंकडे माप द्यायला गेली. बरं झालं. मन रमेल.

१० मार्च, बुधवार

ही पुन्हा मापाला. आधीचं चुकलं असणार.

बाण आणून हॉलच्या दारावर लावला. अंधार करून बघितला, चमकतो. दाखवायला कुणी नव्हतं.

१७ मार्च, बुधवार

पुन्हा माप. हातात कापडी पिशवी, चांगली फुगलेली. इतकी कापडं जातायत आणि शिवून एकही कपडा परत आलेला नाही. शिंपीणबाईंना वक्तशीरपणाबद्दल एकदा प्रेमाने सांगायला हवं.

परत येताना ही गुणगुणत होती. मला बघून थांबली.

१९ मार्च

ऑफिसचं पत्र. डॉक्टरांची हरकत फेटाळली, कारण जावक क्रमांक नाही. मी म्हटलंच होतं. परंतु : ‘अनुक्रमांक सोळा, नाव दिलेले नाही. सात दिवसांत खुलासा करावा. संख्या पंधराच असल्यास परवान्याची आवश्यकता नाही व अर्ज निकाली काढण्यात येईल.’

म्हणजे पंधरा लिहिलं की संपलं. पुढच्या बुधवारपासून प्रार्थना सुरू, सिलिंडर नको, बाण नको. पण मग सुरुवातीपासून अर्जाची गरजच नव्हती असा अर्थ निघतो. रेकॉर्डवर तसं जाणं बरोबर नाही.

२२ मार्च

खुलासा लिहायला बसलो. ‘सोळावी व्यक्ती नियमित येते’ असं लिहिलं. खोडलं. ‘सोळावी व्यक्ती अपेक्षित आहे’ असं लिहिलं. दर बुधवारी प्रार्थनेच्या शेवटी तेवढंच तर मागतात ते. दाराला फट आहे, ऐकू येतं. तेवढ्यापुरता मी पेपर जरा मोठ्याने उलटतो.

अखेर मुलाचं नाव लिहिलं. पूर्ण, माझ्या नावासकट. अर्जदाराशी नातं : मुलगा. सध्याचा पत्ता : इथे पेन थांबलं. शाईचा डाग पडला. खाडाखोड झाली. कागद बदलला, पुन्हा तिथेच डाग. शेवटी आमच्याच घराचा पत्ता घातला.

६ एप्रिल

परवाना मिळाला. सही, शिक्का, गोल आणि आयताकृती दोन्ही. खिडकीवरच्या बाईने नावावर बोट ठेवून विचारलं, सर, हा परत आला का? तिला तो लहानपणापासून माहीत आहे. मी म्हटलं, प्रोसेस चालू आहे.

अट नऊ : अर्जदाराने कार्यक्रमाच्या पूर्ण वेळ खोलीत हजर राहावे. ही अट आधी वाचायला हवी होती. असो, राहू.

हिला परवाना दाखवला. म्हटलं, उद्या सगळ्यांना बोलाव. तिने तो दोन्ही बाजूंनी बघितला आणि टेबलावर ठेवला. म्हणाली, उद्या मला माप द्यायचंय.

७ एप्रिल, बुधवार, संध्याकाळी ६

परवाना फ्रेम करून बाणाखाली लावला. सोळा खुर्च्या मांडल्या, माझी सतरावी. लोक येतीलच. सहा वर्षांची सवय आहे.

६.२०. लोकांना वेळेची किंमत नाही.

६.४०. पूर्ण वेळ खोलीत हजर आहे. या वेळी या खोलीत मी पहिल्यांदाच बसलोय. इथून दार दिसतं, फाटक दिसतं, पार रस्त्याच्या वळणापर्यंत दिसतं. ही नेहमी याच जागी बसते. का, ते आत्ता कळलं.

६.५०. चपलांच्या स्टँडवर तपकिरी बूट नाहीत.

रात्री ९

शिंपीणबाईंकडे जाऊन आलो. दार लोटलेलं होतं. पायरीवर चपला ओळीत. मोजल्या. सोळा जोड. तपकिरी बूट सगळ्यांत पुढे, टोकं घराकडे केलेली.

पहिला विचार असा आला की इथेही सोळा, विनापरवाना, तक्रार करता येईल. आधी तोच आला. लिहून ठेवतो, कारण ही वही दुसरं कुणी वाचणार नाही.

पंधरा माणसं होती. कायमच पंधरा होती. बूट नऊ नंबरचे आहेत, त्याच्या पहिल्या कमाईची वाट न बघता मीच घेऊन दिले होते, आणि तीन फेब्रुवारीला मोजले तेव्हाही मला माहीत होतं कुणाचे आहेत.

आत ड्रिलमास्तरांचा आवाज, मग हिचा. पायरीवर बसलो. पेपर बरोबर नव्हता, त्यामुळे शेवटचं सगळं ऐकू आलं. तिने त्याचं नाव घेतलं. खूप वाईट वाटलं.

सगळे बाहेर आले. मास्तरांनी नुसती मान हलवली. हिने पिशवी उघडली, मग काय वाटलं कोण जाणे, बूट माझ्या हातात दिले. पॉलिश ताजं होतं. मी ते घरापर्यंत आणले.

फाटकाशी विचारलं, पुढच्या बुधवारी मी आत येऊन बसू का. ही म्हणाली, तुम्ही आलात तर आम्ही सोळा होऊ. परवाना लागेल.

मी म्हटलं, आहे की.

ती म्हणाली, तो आपल्या घराच्या पत्त्यावर आहे.

बरोबर आहे तिचं. परवाना पत्त्याला असतो, तो उचलून दुसरीकडे नेता येत नाही. एकतीस वर्षं लोकांना मी हेच सांगत होतो. बूट स्टँडवर ठेवले, टोकं घराकडे करून. आता सतरा खुर्च्या उचलायच्या आहेत.