नंदूच्या उचकीची जबाबदारी

सोमवार, ८ सप्टेंबर १९८६. ऑफिसला निघण्यापूर्वी.

काल आमच्या बोरीवलीच्या सोसायटीच्या गणपतीसमोर फार दुर्दैवी प्रकार घडला. आरतीनंतर गाऱ्हाणं घालायचा मान लवूमामांचा. हे माझ्या शाळेपासूनच्या मित्राचे, नंदूचे, सख्खे मामा. ऐकायला कमी येतं, म्हणून बोलतात सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल असं. त्यात यंदा समोर माईक. नोकरीधंदा, आजारपणं, पाण्याची टाकी, सगळं देवाच्या कानावर घालून झालं आणि मामा भाच्यावर आले.

"बा देवा म्हाराजा, ह्या आमच्या नंदूक चेडू बघूक नेलो की उचकी लागता. चार ठिकाणांसून नकार इलो. ती उचकी बंद कर आणि ह्येचा लगीन जमव रे म्हाराजा."

सवयीने सगळी सोसायटी एका सुरात म्हणाली, "व्हय म्हाराजा." मग अर्थ डोक्यात शिरला आणि मंडप हादरला.

मी हसलो नाही. मला खोकला आला. खोकल्याने डोळ्यांत पाणी आलं आणि खुर्ची सोडून जमिनीवर बसावं लागलं. सुगंधा म्हणते, तुमचा खोकला बायकांच्या बाजूला ऐकू येत होता आणि त्यात मधूनमधून "उचकी" असा शब्द होता. एवढी वर्षं संसार करून बायकोला नवऱ्याचा खोकला ओळखता येत नाही.

संकल्प: नंदूची इज्जत यापुढे माझी जबाबदारी. हा विषय दाबायचा.

मंगळवार, ९ सप्टेंबर.

कामाला सुरुवात. सकाळी दूध केंद्रावर शेजारच्या बिल्डिंगमधला धोंडू भेटला. त्याला बजावलं, परवाचा विषय कुठे काढू नकोस. तो म्हणाला, कुठला विषय? तो परवा सासुरवाडीला होता. कुठला विषय काढायचा नाही हे माहीत असल्याशिवाय माणूस तो टाळणार कसा? म्हणून सगळं सांगितलं. लाइनीतल्या पुढच्यामागच्यांनीही बाटल्या खाली ठेवून ऐकलं. एका फेरीत बरंच काम झालं.

शुक्रवार, १२ सप्टेंबर.

ऑफिसातही सगळ्यांना ताकीद दिली. नंदूचा आमच्या ऑफिसशी संबंध नाही, पण मुंबईत कोण कोणाचा नातेवाईक निघेल सांगता येत नाही.

संध्याकाळी नंदूला धीर द्यायला गेलो. त्याची आई, राधाकाकी, दारातच म्हणाली तो झोपलाय. आतून रेडिओ ऐकू येत होता. धक्का बसलेली माणसं रेडिओ लावून झोपतात.

रविवार, १४ सप्टेंबर.

उचकीवर दचकवण्यासारखा उपाय नाही. नंदू बाजारातून येताना जिन्यात मागून गेलो आणि कानाशी ओरडलो. त्याला त्या वेळी उचकी नव्हती. नारळ दोन मजले खाली गेला. नंदू जे बोलला ते इथे लिहीत नाही. मित्र आहे, मनावर घेणार नाही. उपाय अधूनमधून चालू ठेवावा.

रविवार, २८ सप्टेंबर.

सुगंधाला गच्चीवर काकीकडून कळलं. सांताक्रूझचं स्थळ आलंय. मुलगी अनुपमा, शाळेत शिकवते. पितृपक्ष संपला की पाच तारखेला बघायला जायचं. नंदूने सांगून टाकलंय, हे शेवटचं. इथे फिसकटलं तर परत कोणाच्या दारात पोहे खायला जाणार नाही.

मी बरोबर जाणारच. आधीच्या चारही वेळा गेलो होतो. उचकी सुरू झाली की मुलीकडच्यांना मीच सांगायचो, घाबरू नका, याचं हे नेहमीचंच आहे.

गुरुवार, २ ऑक्टोबर.

काकीने निरोप पाठवला. रिक्षात तिघांनाच घेतात: ती, नंदू आणि लवूमामा. मी दुसरी रिक्षा करतो म्हटलं. काकी म्हणाली, कशाला उगाच तुला त्रास. किती विचार करते बिचारी.

शनिवार, ४ ऑक्टोबर. घटस्थापना.

उडत उडत त्यांच्या कानावर काही गेलं तर? त्यापेक्षा आपणच नीट सांगितलेलं बरं. काकीला न कळवता सांताक्रूझला जाऊन आलो.

त्यांना काहीच माहीत नव्हतं. मग अगदी पहिल्यापासून सांगावं लागलं. नीट समजावं म्हणून लवूमामांच्या आवाजात गाऱ्हाणं घालून दाखवलं. अनुपमाच्या वडिलांनी कप खाली ठेवला. अनुपमा उठून आत गेली आणि स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज आला. वडिलांनी मला जिन्यापर्यंत सोडलं. पुन्हा या म्हणाले नाहीत. घाईत राहिलं असेल.

रविवार, ५ ऑक्टोबर.

सुगंधाला सांताक्रूझचं सांगितलं. ती कपाळावर हात मारून बसली. म्हणाली, त्याच्या लग्नाची वाट लावून आलात.

नंदूकडची मंडळी परत आली तेव्हा मी गॅलरीत होतो. नंदूने वर पाहिलं नाही.

जेवण गेलं नाही. चौथीत असताना मी वर्गात बेंचवरून पडलो, तेव्हा सगळे हसत होते आणि नंदू दप्तर भरून देत होता. हे आज कशाला आठवलं कोण जाणे.

रविवार, १२ ऑक्टोबर.

जमलं!

सुगंधाला काकीने सांगितलं. नंदूला दारातच उचकी लागली. अनुपमाने साखर आणि पाणी तयारच ठेवलं होतं. म्हणाली, "कोणी आठवण काढली की उचकी लागते ना? काल संध्याकाळपासून मीच काढत होते." उचकी थांबली नाही, पण नंदू पहिल्यांदाच कुणापुढे उचक्या देत हसला.

म्हणजे लग्न कोणी जमवलं? मी आदल्या दिवशी सांताक्रूझला गेलो नसतो तर हे झालंच नसतं. हे मी बोलून दाखवणार नाही. साखरपुड्यात चार शब्द बोलेन तेवढेच. सफारी इस्त्रीला टाकला. तारीख अजून ठरली नाही, सुगंधा म्हणते.

रविवार, १९ ऑक्टोबर.

सकाळी सुगंधा रेशमी साडी नेसून, गजरा माळून निघाली. कुठे, विचारलं. म्हणाली, नंदूचा साखरपुडा.

मी म्हटलं, थांब, सफारी घालतो. ती उंबऱ्यातच थांबली. मग सांगितलं. काकीने तिला देवापुढे शपथ घातली होती. म्हणाली, "जयवंताक कळवू नको. तो घरोघर फिरान सांगात, कोणाक सांगू नका म्हणून." नंदूला विचारलं का, एवढंच मी विचारलं. सुगंधा पदर नीट करत म्हणाली, त्यानेच काकीला शपथ घालायला लावली.

गॅलरीतून पाहिलं. गेटपाशी सगळी सोसायटी नटून उभी. धोंडूसुद्धा कोट घालून. दूध केंद्राच्या लाइनीतले तर सगळेच. म्हणजे आठवडाभर यांना माहीत होतं, रोज सकाळी माझ्या पुढेमागे उभे राहत होते आणि एकानेही तोंड उघडलं नाही. या माणसांच्या पोटात काही राहत नाही असं मी समजत होतो.

सुगंधा वरणभात झाकून गेलीय. वरण गार झालंय. स्टोव्ह कसा पेटवायचा ते सांगून गेली नाही.